उचलून नेता येणारी वीज कोणाला विकायची?

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आठवडी बाजारात एक माणूस खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन फिरायला लागतो. प्रत्येक पथारीपाशी थांबतो, बांबूला होल्डर बांधतो, बल्ब लावतो आणि पुढे सरकतो. बाजाराच्या टोकाला त्याचा डिझेल जनरेटर धडधडत असतो. रात्री नऊला तो परत येतो, बल्ब उतरवतो आणि बल्बमागे भाडं घेऊन जातो. मी जिच्याकडून भाजी घेतो ती मावशी दोन बल्ब लावते. एकाच बल्बात मेथी शिळी दिसते आणि गिऱ्हाईक पुढे निघून जातं, असं तिचं म्हणणं.

माझं रोजचं काम बॅटरी पॅक जुळवण्याचं. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे हमखास एक प्रश्न येतो: "पोर्टेबल पॉवर स्टेशन बनवायचा विचार आहे. मार्केट आहे का?" विचारणारे बहुतेक जण शिकलेले, मेहनती, घरचे पैसे घालायला निघालेले असतात. त्यांच्या डोळ्यांसमोर दोनच गिऱ्हाइकं असतात: लाइट गेल्यावर वैतागलेलं शहरी कुटुंब आणि तंबू ठोकून राहणारे तरुण. मला मात्र ती भाजीवाली मावशी आठवते. असं का, ते समजायला आधी हा डबा आतून बघावा लागेल.

पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणजे घरातला इन्व्हर्टर, त्याची बॅटरी, चार्जर आणि सोलर कंट्रोलर हे सगळं मूठ धरून उचलता येणाऱ्या एका डब्यात बसवलेलं. झाकण उघडलं की आधी सेल दिसतात. हल्ली चांगल्या डब्यात लिथियम आयर्न फॉस्फेट जातीचे सेल असतात, धंद्यात त्यांना एलएफपी म्हणतात. एका सेलचा दाब ३.२ व्होल्ट. १०० अँपिअर-अवरचे असे चार सेल एकामागे एक जोडले की १२.८ व्होल्ट होतात आणि साठा होतो १,२८० वॉट-अवर, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत सव्वा युनिट. दुसरी जात निकेल-मँगनीज-कोबाल्टची, एनएमसी. ती वजनाला हलकी, पण आयुष्याला कमी आणि तापली तर जास्त धोक्याची. एलएफपी रोज भरला-रिकामा केला तरी दोन-तीन हजार वेळा सहज टिकतो.

सेलच्या डोक्यावर एक हिरवी पट्टी असते, ती बीएमएस, म्हणजे या सगळ्या सेलांवर नजर ठेवणारा मुकादम. कुठलाही सेल ३.६५ व्होल्टच्या वर गेला की चार्जिंग बंद, अडीच व्होल्टच्या खाली आला की पुरवठा बंद, तापला की दोन्ही बंद. त्याच्या शेजारी इन्व्हर्टर. तो बॅटरीचा डीसी करंट घरच्यासारखा २३० व्होल्ट एसी करून देतो. १२.८ व्होल्टच्या बॅटरीतून हजार वॉट ओढायचे तर जवळपास ऐंशी-नव्वद अँपिअर वाहतात. त्याला बोटाएवढ्या जाड वायरी लागतात, जोड तापतात. म्हणून मोठ्या डब्यात आठ किंवा सोळा सेलची माळ करून दाब वाढवतात आणि अँपिअर उतरवतात. उरला सोलर कंट्रोलर. ढग येवोत-जावोत, पॅनेलमधून त्या क्षणी जास्तीत जास्त जेवढं निघेल तेवढं काढून घेणं हे त्याचं काम.

गिऱ्हाइकाला समजावताना एक हिशेब मी नेहमी कागदावर मांडतो. हजार वॉट-अवरचा डबा घेतला म्हणजे हजार वॉट-अवर वापरायला मिळतील असं नाही. इन्व्हर्टरमध्ये उष्णता होऊन जाते, सुमारे साडेआठशे हातात पडतात. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी दहा-वीस वॉट खातो. रात्रभर फक्त एक राउटर चालवणाऱ्याला राउटरपेक्षा डब्यानेच जास्त खाल्लं असं सकाळी कळतं. साधा पंखा ७५ वॉट, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. त्यामुळे एक बीएलडीसी पंखा, एक एलईडी बल्ब आणि राउटर एवढंच असेल तर अर्ध्या युनिटचा छोटा डबाही सहा-सात तास काढतो. मिक्सर, इस्त्री, इंडक्शन लावलं की तोच डबा मिनिटांवर येतो.

आता बाजाराकडे येऊ. जगात या डब्यांची विक्री वाढली ती संकटांच्या मागोमाग. ६ सप्टेंबर २०१८ च्या भूकंपानंतर जपानचं होक्काइदो हे अख्खं बेट अंधारात गेलं, सुमारे साडेएकोणतीस लाख घरांची वीज गेली. भूकंपाच्या तयारीची पिशवी दाराशी ठेवणाऱ्या जपानी घरांत हा डबाही यायला लागला. २०१९ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात वणवे पेटू नयेत म्हणून वीज कंपनीनेच लाखो लोकांचा पुरवठा मुद्दाम बंद ठेवला. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास गोठलं. अशा प्रत्येक वेळी चिनी कंपन्या माल घेऊन तयार होत्या. जॅकरी, इकोफ्लो, ब्लूएटी, अँकर ही नावं तिथे घराघरांत पोचली.

पण संकटावर उभा राहिलेला बाजार संकटाबरोबर ओसरतो. दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण नवीन माणसाने भिंतीवर लिहून ठेवावं. २०२३ मध्ये तिथे वर्षातले तीनशेहून अधिक दिवस लोडशेडिंग होतं. दुकानं बॅटऱ्या आणि इन्व्हर्टरनी भरली. मग २६ मार्च २०२४ ला लोडशेडिंग थांबलं आणि पुढे दहा महिने झालंच नाही. ज्यांनी गोदामं भरून ठेवली होती त्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. आपणही हे बघितलंय. २००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत महाराष्ट्रात गल्लोगल्ली इन्व्हर्टरची दुकानं निघाली. वीज सुधारली तशी त्यातली कितीतरी मिटली, आणि जी टिकली ती बॅटरीत पाणी टाकायला वेळेवर माणूस पाठवायची म्हणून टिकली.

म्हणून शहरी कुटुंब हे पहिलं गिऱ्हाईक धरू नये असं माझं ठाम मत आहे. त्याच्या घरात इन्व्हर्टर आधीच आहे. १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या वर भरते, जागा अडवते, तिला डिस्टिल्ड वॉटर लागतं, हे सगळं खरं. पण ती स्वस्त पडते आणि कोपऱ्यातला इलेक्ट्रिशियन ती दुरुस्त करतो. तिच्यासमोर आपला डबा महाग ठरतो. किती महाग, ते आकड्यांत बघू.

एका युनिटचा डबा ५० हजारांना पडतो असं हिशेबापुरतं धरा आणि आयुष्य ३,००० वेळा भरणं-रिकामं होणं. व्याज, दुरुस्ती तूर्त बाजूला. लाइट वर्षातून तीसेक वेळा जाते अशा घरात दहा वर्षांत तो तीनशे वेळा रिकामा होईल. एका युनिटमागे डब्याचा खर्च १६७ रुपये. लग्नाचं शूटिंग करणारा फोटोग्राफर वर्षात दीडशे दिवस वापरेल, त्याला तोच खर्च ३३ रुपये. आणि वर्षाचे तीनशे दिवस वापरणाऱ्याला १७ रुपये. त्यात भरायच्या विजेचे दहा-बारा मिळवा, तिशीच्या आत आला. आता समोर पेट्रोल जनरेटर ठेवा. छोटा जनरेटर पूर्ण भारावर लिटरमागे दीड-पावणेदोन युनिट देतो, आणि चार बल्बांसारख्या हलक्या भारावर त्याहून कितीतरी कमी. लिटरला शंभराच्या वर मोजायचे, म्हणजे युनिट साठ रुपयांपासून पुढे, हलक्या भारावर शंभराच्या पार. धूर आणि आवाज वेगळाच.

तोच डबा, तीच किंमत. पण एका घरात तो चैनीची वस्तू ठरतो आणि दुसऱ्या धंद्यात दोन-तीन वर्षांत पैसे वसूल करून देतो. उत्पादकाने गिऱ्हाईक शोधताना एवढंच विचारावं की याच्याकडे डबा आठवड्यातून किती वेळा रिकामा होणार. रोज रिकामा करणारा माणूस कुठे भेटतो? जिथे तार पोचत नाही आणि काम मात्र रोज चालतं तिथे.

पथारीवाले, हातगाडीवाले हे त्यातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुर्लक्षित गिऱ्हाईक. मावशीचे दोन एलईडी, वजनकाटा आणि मोबाइल मिळून तीसेक वॉट. पाच तास चालवले तरी दीडशे वॉट-अवर. तिला तीनशे वॉट-अवरचा डबा पुरेसा आहे, रात्री घरी लावून ठेवला की सकाळी भरलेला. तो १५ हजारांचा धरला आणि पाच वर्षं, गावोगावचे बाजार मिळून वर्षाला तीनशे दिवस चालला तर दिवसाला दहा रुपये, वीज दोन रुपयांची. बल्बमागे रोज वीस रुपये भाडं धरलं तर तिचे चाळीस जातात. पण १५ हजार एकदम काढणं तिला शक्य नाही, आणि खरा धंदा इथेच आहे. डबा तिला विकूच नका. तो बल्बवाल्या माणसाला विका. त्याच्याकडे गिऱ्हाईक आहे, रोजची वसुली आहे, बाजाराचे वार पाठ आहेत. डिझेल सोडून शंभर डबे टेम्पोत घालून फिरायला त्याला फायदा दिसला तर तो तुमचा सगळ्यात भरवशाचा घाऊक ग्राहक होईल. त्याच्या पोटावर पाय न देता हे होतं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

मंडप-डेकोरेशनवाल्यांचंही असंच. साखरपुड्याला, बारशाला, हळदीला माइक, चार फोकस आणि पंखे एवढंच लागतं, तेवढ्यासाठी जनरेटरची गाडी आणून उभी करतात. डिझेल जनरेटरना १ जुलै २०२३ पासून प्रदूषणाचे नियम कडक झाले, नवे संच महागले. भाड्याने द्यायला दोन-तीन युनिटचे चाकांवरचे डबे ही या लोकांची गरज आहे. डीजेच्या भिंती चालवायचा विचार मात्र कोणी मनात आणू नये.

ऊसतोडीच्या कोप्यांबद्दल थोडं थांबून लिहितो. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं बैलगाडी, ट्रॅक्टर घेऊन कारखान्यांच्या परिसरात उतरतात आणि पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत राहतात. आत लहान मुलं असतात, चूल असते, साप-विंचवाची भीती असते. शेजारीच कारखाना बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून वीज तयार करतो आणि ग्रिडला विकतो. त्या विजेपासून हाकेच्या अंतरावर बाई टॉर्चच्या उजेडात भाकरी थापते. शंभर-दीडशे वॉट-अवरचा, दोन दिवे आणि मोबाइल चालवणारा डबा, आणि कारखान्याच्या गेटवर ते भरून देणारी एक रॅक, एवढ्यात हे काम होऊ शकतं. पैसे कामगाराकडून घेऊ नयेत, ते कारखान्याने द्यावेत, सहकारी कारखान्याच्या वार्षिक सभेत हा खर्च मांडता येईल. गाळप संपलं की तेच डबे पुढच्या हंगामापर्यंत बाजारच्या बल्बवाल्याकडे. मालाला वर्षभर काम मिळतं, आणि उत्पादकाला एका सहीत मोठी ऑर्डर.

घरी ऑक्सिजन किंवा झोपेतल्या श्वासाचं यंत्र असलेले रुग्ण हे वेगळं आणि जबाबदारीचं गिऱ्हाईक. सीपॅप यंत्र पाणी तापवणारा भाग बंद ठेवला तर तीस-साठ वॉटवर चालतं, अर्ध्या युनिटचा डबा साधारण रात्र काढतो. पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मात्र तीनशे-साडेतीनशे वॉट घेतो, एका युनिटच्या डब्यावर तो अडीच तास चालेल, जास्त नाही. हे विकणाऱ्याने तोंडाने सांगावं, खोक्यावर मराठीत छापावं, आणि ऑक्सिजनचा सिलिंडर काढून टाकू नका असंही सांगावं.

"पंप चालेल का?" हा प्रश्न प्रत्येक शेतकरी विचारतो. नाही चालणार. तीन एचपीची मोटर सव्वादोन किलोवॉटची, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते, आणि तासाला अडीच-तीन युनिट पिते. फवारणीच्या ड्रोनचंही तसंच. एका बॅटरीत पाऊण ते एक युनिट बसतं आणि त्यावर जेमतेम एकरभर फवारणी होते, दिवसाला वीस एकर करायचं तर हातात उचलायचा डबा कामाचा नाही, छोट्या टेम्पोत बसवायचा मोठा संच लागेल. ड्रोन दीदी योजनेतल्या महिला बचत गटांसाठी तो कोणी बनवला तर चांगलंच आहे, पण ते वेगळं उत्पादन.

शेतात एक संधी मात्र उघडी पडली आहे. कुसुम आणि मागेल त्याला सौर कृषी पंप या योजनांमधून शेतांत पॅनेल उभी राहिली. पाणी रोज दिवसभर द्यायचं नसतं, पावसाळ्यात तर पंप आठवडे-आठवडे बंद. तेवढा वेळ तीन-पाच किलोवॉटची पॅनेल उन्हात नुसती उभी. आपल्या डब्यांना साधारण बारा ते साठ व्होल्टचं सोलर इनपुट चालतं आणि पंपाच्या पॅनेलची माळ असते शेकडो व्होल्टची, सरळ जोडलं तर डबा जळेल आणि माणसालाही धोका. या दोघांच्या मध्ये बसणारा, सीलबंद, पंप बंद असताना डबा भरून देणारा एक कन्व्हर्टर ज्याला नीट बनवता येईल त्याच्या डब्याला शेतघर, राखणीचा दिवा, कुंपणाचं झटका यंत्र, दुधाचं मशिन असं रोजचं काम मिळेल. पंप बंद असताना पॅनेलवर दुसरी यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरची कल्पना सरकारी पातळीवर मान्य झालेली आहे, म्हणजे दार अर्धं उघडं आहे.

आपत्तीचा बाजार मी शेवटी ठेवतो, कारण तो मोजता येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं आणि कोकणातल्या कितीतरी गावांत आठवडे-आठवडे वीज नव्हती. मोबाइल चार्ज करायला माणसं तालुक्याच्या गावी जायची. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबई बंद पडली, ती काही तासांसाठी, आणि चर्चा तिचीच जास्त झाली. ग्रामपंचायतीत आणि आरोग्य उपकेंद्रात दोन-दोन डबे असणं गरजेचंच आहे. पण सरकारी खरेदी एकदा होते, पैसे सावकाश येतात, आणि कपाटात पडून राहिलेली बॅटरी गरजेच्या दिवशी रिकामी निघते. द्यायचे असतील तर सहा महिन्यांतून एकदा भरून तपासून देण्याच्या करारासकट द्यावेत.

आता कोणी म्हणेल, हे सगळं चीनमधून स्वस्तात येत असताना इथे बनवायचं कशाला. सेल चीनमधूनच येतात, ते आज तरी टळत नाही. जगभरात पॅकची सरासरी किंमत २०२४ मध्ये किलोवॉट-अवरमागे ११५ डॉलरपर्यंत उतरली, छोट्या खरेदीदाराला तो भाव मिळत नाही. सेलच्या भावात आपण कोणाशी झुंजू शकत नाही. झुंजायचं तर आपल्या उन्हाशी आणि आपल्या व्होल्टेजशी. चंद्रपुरात मे महिन्यात ४५ अंश असतात, पत्र्याच्या टपरीत त्याहून जास्त, आणि एलएफपी कितीही सोशिक असला तरी त्या तापमानात भरून ठेवला की लवकर म्हातारा होतो. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १६०-१७० वर येतं, डीपीत बिघाड झाला की भलतीकडे उडी मारतं. बाहेरचे चार्जर असा दाब गृहीत धरत नाहीत. कोकणात खारी हवा सर्किटचे जोड खाते, त्यावर लेप हवा. पिठाच्या गिरणीशेजारी पंख्याची जाळी महिन्यात बुजते, ती स्क्रू ड्रायव्हर न लावता काढता-धुता यायला हवी. आणि आपली गोल पिनची सॉकेट हवीत, त्या सगळ्या देशांच्या पिना घेणाऱ्या ढिल्या सॉकेटात ठिणग्या पडतात.

आणखी एक गोष्ट आहे, ती दिसायला लहान आहे. एलएफपी सेलचा दाब भरलेला असो वा अर्धा, जवळजवळ सारखाच राहतो, ३.२-३.३ च्या आसपास. म्हणून नुसता व्होल्टेज मोजून टक्के दाखवणारे स्वस्त डबे ४० टक्के दाखवता दाखवता बंद पडतात. आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट मोजत राहणारी, अधूनमधून पूर्ण भरून हिशेब जुळवून घेणारी पद्धत घातली की आकडा खरा येतो. लग्नात सप्तपदी चालू असताना ज्याचे दिवे गेले तो त्या कंपनीचा डबा परत घेत नाही.

कागदपत्रांत कसूर चालत नाही. लिथियम सेल आणि बॅटरीला आयएस १६०४६ या मानकाखाली बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी, वाहतुकीसाठी यूएन ३८.३ ची चाचणी, आणि बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची. प्रवाशाने विमानातून न्यायची मर्यादा १०० वॉट-अवर, विमान कंपनीच्या परवानगीने १६०, म्हणजे यातला जवळपास कुठलाच डबा प्रवाशाला विमानात नेता येत नाही, माल रस्त्याने हलवणंच सोयीचं. म्हणून दोनशे किलोमीटरच्या टापूत विकून, त्याच टापूत चोवीस तासांत दुरुस्त करून देणारा छोटा कारखाना मोठ्या आयातदाराला पुरून उरतो. बीएमएसची पट्टी प्लगने निघणारी ठेवा, सेल वेल्ड करून गोंदात बुडवण्याऐवजी नट-बोल्टने जोडा, म्हणजे तालुक्याच्या ठिकाणचा शिकलेला मेकॅनिकही एक सेल बदलू शकेल.

मागच्या महिन्यात आम्ही जुळवलेला एक तीनशेचा डबा मी मावशीकडे आठ दिवस ठेवला. उजेडाबद्दल ती काही बोलली नाही, तो तिला पटला होता. तिची तक्रार मुठीची. मूठ वर असल्यामुळे डब्यावर वजनकाटा ठेवता येत नाही आणि पथारीवरची तेवढी जागा फुकट जाते. शिवाय तो जमिनीवर ठेवला की भाज्यांवर मारलेलं पाणी खालून आत जाईल याची तिला धास्ती. पुढच्या नगाला मूठ बाजूला घेतली आहे, वरची बाजू सपाट केली आहे आणि खाली दोन बोटं उंचीचे रबरी पाय लावले आहेत. येत्या बाजाराच्या दिवशी तो तिच्याकडे जाईल, आणि एक बल्बवाल्याकडेही.